‘माउली करून घेतील’ हे कामाआधी म्हणायचं की कामानंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे: काकांनी 25 वर्षं चालवलेली दिंडी त्यांच्या आजारपणामुळं यंदा 32 वर्षांच्या पुतण्याकडं आलीये. माणसं 160 च्या आसपास. त्याला गाता येत नाही, पाठांतर बेताचं. जुनी मंडळी म्हणतात श्रद्धा ठेव, माउली करून घेतील, आणि यानं डॉक्टर, याद्या, हिशोब असं काही काढलं की म्हणतात हा दिंडीचं ऑफिस करायला निघालाय. तर दिंडी नेमकी कशावर चालते, श्रद्धेवर की व्यवस्थेवर, आणि लोक माझं का ऐकतील?

माउली, रामकृष्ण हरी. मी 34 वर्षं वारी करतोय, त्यातली 19 वर्षं दिंडीची व्यवस्था माझ्याकडं होती, आता पुढच्या पोरांकडं दिलीये आणि मी नुसता टाळ घेऊन चालतो. नोकरी एसटीत कंडक्टरची. हे मुद्दाम सांगतोय, कारण दिंडी चालवायला कीर्तनकारच असावं लागतं असं तुमच्या डोक्यात बसलेलं दिसतंय आणि मी कधीच कीर्तनकार नव्हतो.

आधी सरळ उत्तर देतो मग खुलासा. ‘माउली करून घेतील’ हे वाक्य खरं आहे, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण ते रात्री सगळी माणसं मोजून झाली, जेवली, आडवी झाली की म्हणायचं वाक्य आहे. पहाटे टँकर भरायच्या आधी ते म्हटलं की आपण आपलं काम माउलींच्या अंगावर टाकून मोकळे झालो. मला हा फरक कळायला व्यवस्था हातात आल्यावर चार वर्षं लागली आणि तो एका माणसाच्या जिवावर बेतता बेतता कळला.

पुण्यातनं निघून सासवडला जायची चाल सगळ्यात लांब, 30 किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी वद्य एकादशी येते. म्हणजे सगळ्यात मोठी चाल आणि पोटात काही नाही. आमच्या दिंडीत एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळे आक्का म्हणायचो, त्या एकादशी निर्जळी करायच्या. आदल्या रात्री त्यांची सून मला बाजूला घेऊन म्हणाली, भाऊ, आक्कांना शुगरची गोळी सुरू आहे, तुमचं ऐकतील त्या, पाणी तरी घ्या म्हणून सांगा. आणि मी काय म्हणालो ते अजून शब्द न् शब्द आठवतंय, "अगं त्यांची 22 वी वारी आहे, माउली नेतात त्यांना वर, तू कशाला काळजी करतीस." मला वाटलं मी मोठं श्रद्धेचं बोललो. खरं सांगायचं तर दिवसभराचा दमलेलो होतो, आक्कांशी वाद घालायचा कंटाळा आला होता, आणि ते वाक्य तोंडात आयतं होतं.

घाटातल्या मधल्या वळणावर आक्का खाली बसल्या. बसल्या म्हणजे पायच दुमडले. डोक्यावरची तुळस कलंडली, माती रस्त्यावर सांडली, कपाळाला दरदरून घाम आणि हात थंडगार, मी हाका मारतोय तर डोळे उघडे पण ओळख नाही. आमचा ट्रक पहाटेच पुढं गेलेला, औषधांची पेटी ट्रकात, माझ्या पिशवीत हरिपाठ आणि अष्टगंधाची डबी. मागच्या दिंडीतला एक पोरगा गर्दीतनं वाट काढत आला, त्याच्या खिशात प्लास्टिकच्या पुडीत साखर होती. त्यानं बोटावर घेऊन ती आक्कांच्या हिरडीला लावली, थोडी थोडी करत, घाई न करता, त्या गिळायला लागल्यावर मग साखरपाणी पाजलं. काही मिनिटांनी आक्का म्हणाल्या, "तुळस कुठाय माझी."

आता कुणी म्हणेल, बघा, माउलींनी केलंच की नाही. केलं, मी नाही म्हणतच नाही. पण त्या पोराकडून करून घेतलं, माझ्याकडून नाही घेतलं, कारण त्याच्या खिशात साखर होती. मी त्या पोराच्या पाया पडलो, वारीत आपण सगळेच एकमेकांच्या पडतो पण तेव्हा माझा हात खरंच थरथरत होता.

पुढच्या वर्षी मी काय केलं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एक वही घातली, प्रत्येकाचं नाव, वय, कुठली गोळी, घरी कुणाला फोन करायचा. आणि आक्कांना नियम नाही सांगितला. एकादशीच्या पहाटे सगळे जमल्यावर मी स्वतः, जो 11 वर्षं निर्जळी करत होतो, सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यालो आणि मग तोच तांब्या भरून आक्कांपुढं धरला. त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या, मग घेतला. त्यांच्यामागं सात-आठ म्हाताऱ्यांनी घेतला. भाषण केलं असतं तर एकीनंही घेतला नसता हे मी खात्रीनं सांगतो. जे त्यांनी सोडावं असं मला वाटत होतं ते आधी मी सोडल्याचं त्यांना दिसलं, एवढंच झालं.

विवेक म्हणजे फार शिकलेलं असणं असं लोकांना वाटतं. तसं नाहीये. पुढं काय होऊ शकतं ते आधी डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याप्रमाणं आज हात हलवायचा, बास. शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे, चिपळूणकडच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. त्यात ते काय लिहितात तर पावसाळ्यासाठी साठवलेलं गवत आणि दाणा जपून वापरा, गवताजवळ चुली पेटवू नका, चिलमी ओढू नका, रात्री दिवे जळते ठेवू नका नाहीतर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत पेटेल. आणि गवत जळालं, दाणा संपला की घोडी मरतील, मग सैन्यातली माणसं कुणब्यांच्या घरात शिरून कुणाचा दाणा कुणाची भाकरी उचलतील, आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे. राज्य उभं करणारा राजा, भवानीवर पूर्ण निष्ठा असलेला, आणि तो उंदराचा आणि वातीचा विचार करतोय! मी जेव्हा जेव्हा हे पत्र वाचतो तेव्हा अंगावर काटा येतो. तुमच्या राहुटीत गॅसची टाकी कुठं ठेवली आहे, पाईप कधी बदलला, रात्री रेग्युलेटर कोण बंद करतं, हे बघणाऱ्याला जर कुणी ऑफिस चालवतो म्हणत असेल तर म्हणू द्या.

आणि जुनी मंडळी ज्या परंपरेचं नाव सांगतात ती परंपराच मुळात अशा माणसानं बसवलीये. माउलींचा पालखी सोहळा आज ज्या शिस्तीत चालतो, रथापुढच्या 27 दिंड्या, मागच्या दिंड्या, क्रम, मुक्काम, हे सगळं बसवलं हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमारास. साताऱ्याकडचा माणूस, शिंद्यांच्या पदरी लष्करात राहिलेला, ते सोडून आळंदीत येऊन माउलींच्या सेवेला लागला. लष्करातली शिस्त त्यानं भक्तीत आणली, अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले, ते अजून चालू आहे. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, आत जाणारा तिला हात लावून जातो. एवढा सोहळा उभा करणारा माणूस आणि लोक त्याला पायरीपाशी भेटतात, याच्यावर मी वारीत चालताना पुष्कळदा विचार करतो.

लोक माझं का ऐकतील असं विचारलंय तुम्ही. मी उलटं विचारतो, तुमच्यापर्यंत लोकांचं ऐकू येईल अशी सोय केलीये का?

मुक्कामावर समाजआरतीला तुम्ही उभे राहिला असाल. लाखाच्या वर माणूस, हजारो टाळ वाजतायत, चोपदारांनी चोप उंच केला की एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार स्वतः चालत तिथं जातात, काय झालं ते ऐकतात, तोडगा निघतो, आणि मगच पुढं. एवढ्या शांततेत एका कोपऱ्यातला टाळ ऐकू येतो. तक्रार केली म्हणून त्या दिंडीला कुणी श्रद्धा कमी आहे असं म्हणत नाही. उलट तक्रारीला जागा सोहळ्यातच ठेवलेली आहे.

मी हेच छोट्या प्रमाणात आमच्या राहुटीत आणलं. रात्री हरिपाठ आणि जेवण झालं की मधल्या खांबाला टाळांची एक जोडी अडकवायची, ज्याला काही सांगायचं त्यानं ती वाजवायची, मी उठून त्याच्याकडं जायचं, त्यानं माझ्याकडं यायचं नाही. पहिले चार दिवस कुणी हात लावला नाही. पाचव्या रात्री एका तरुण सुनेनं वाजवली, हळूच, दोनदाच. मी गेलो तर तिला बोलवेना, मान खाली. शेवटी शेजारची बाई बोलली की बायकांना पहाटे दोनला उठावं लागतं, अंधारात लांब जावं लागतं, कुत्री असतात, गाड्या असतात, आंघोळीला आडोसा नाही म्हणून कितीतरी जणी दोन-दोन दिवस आंघोळच करत नाहीत, आणि बाहेर जावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाणीच पीत नाहीत.

माउली, मी तेव्हा सात वर्षं व्यवस्था बघत होतो. दिंडीतल्या निम्म्या माणसांनी पाणी पिणं बंद केलेलं आणि मला पत्ता नाही. मला स्वतःला कधी तो त्रास झाला नाही म्हणून तो मला दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी ताडपत्री, आठ बांबू आणि बॅटरीवरचे दोन लाईट आणले, ट्रकाच्या मागं आडोसा केला, आणि पहाटे तिथं उभं राहायला बायकांमधल्याच दोघी ठरवल्या, पाळीपाळीनं. खर्च फार नव्हता, वेळ अर्धा तास. त्यानंतर माझा शब्द खाली पडला नाही. तुमच्या काकांच्या दिंडीत आत्ता याच घडीला असं काहीतरी असेल जे कुणी बोलत नाहीये, ते आधी शोधा.

पंगतीचंही सांगतो, नाजूक विषय आहे पण सांगायलाच पाहिजे. एका वर्षी नवीन एक कुटुंब दिंडीत आलं, आणि दोन जुने वारकरी त्यांच्या रांगेत बसायचं टाळतायत असं माझ्या लक्षात आलं, उघड कुणी काही म्हणत नव्हतं, फक्त उठून दुसरीकडं बसायचे. मी दोन दिवस गप्प राहिलो, सोहळ्यात वाद नको म्हणून, हे माझं चुकलंच. तिसऱ्या दिवशी मी वाढायचं सोडून पत्रावळ घेऊन त्या कुटुंबाला खेटून बसलो आणि रोज तिथंच बसत गेलो. हळूहळू रांग भरली. त्या दोघांतला एक पुढच्या वर्षी दुसऱ्या दिंडीत गेला, जाऊ दिला. हे विठोबाच्या बाबतीतही झालेलं आहे ना, साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं तेव्हा कुठं मंदिराचं दार हरिजनांना उघडलं. विरोध करणारे नास्तिक नव्हते, माळ घातलेले, नेमानं वारी करणारे होते, त्यांची श्रद्धा खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्याच पंढरपुरात तनपुरे महाराजांनी त्या उपोषणाला आपल्या मठात जागा दिली. दोन्हीकडं श्रद्धा होती, फरक विवेकाचा होता, आणि तो फरक एका माणसानं आपलं दार उघडून दाखवला. गाडगेबाबा तर कीर्तनाच्या आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन त्यानंतर. मला ही सगळी माणसं एकाच माळेतली वाटतात.

हिशोबाचं. यावर जुनी मंडळी सगळ्यात जास्त चिडतील, कारण त्यांना वाटेल काकांवर संशय घेतोय. तर पहिल्याच दिवशी सांगून टाका की मागचं काही काढणार नाही, यंदापासून माझा हिशोब मी देणार आहे. कंडक्टरच्या नोकरीत ड्युटी संपली की तिकिटं आणि कॅश जुळवून भरल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यात कुणाला अपमान वाटत नाही, ती रीतच आहे. तसं भिशी, म्हणजे वारकऱ्यांची वर्गणी, किती जमा झाली, अन्नदान कुणी किती दिलं, डिझेल, किराणा, आचारी, टँकर, हे वाखरीच्या मुक्कामाला, पंढरपुरात शिरायच्या आधी, मोठ्यानं वाचायचं. का वाखरीला? कारण घरी गेल्यावर कुणी ऐकत नाही आणि पंढरपुरात कुणी थांबत नाही. एका वर्षी माझे 1,140 रुपये जुळेनात, दोन रात्री वही घेऊन बसलो. खिशातनं भरून गप्प बसता आलं असतं. नाही बसलो, वाचताना तेही वाचलं, की एवढे जुळत नाहीत. मागनं आचारी उठून म्हणाला, भाऊ, नीरेला मी तेलाचा डबा घेतला होता, सांगायचं राहिलं. हिशोब जुळला यापेक्षा तो भर मुक्कामात उठून बोलला याचं मला जास्त वाटलं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, नाही म्हणणं. 2020 साली पायी वारी झाली नाही. संस्थानांनी शासनाशी बोलून ठरवलं, पादुका 30 जूनला एसटीनं पंढरपूरला नेल्या, 1 जुलैला एकादशी. मी घरी टीव्हीवर ती फुलांनी सजवलेली बस बघत होतो. ज्या गाडीत मी उभं आयुष्य बेल मारली तिच्यात माउली बसून चाललेत, डोळ्यांचं पाणी थांबत नव्हतं. त्याच्या आधी पंधरा दिवस आमच्यातले वीस-पंचवीस जण माझ्या दारात आले होते, म्हणाले आपण आपले गुपचूप चालत जाऊ, आडवाटेनं, विठोबा बघून घेईल. त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. मी नाही म्हणालो. एकजण म्हणाला तुझी श्रद्धा संपली, दुसरा म्हणाला तू सरकारी माणूस तो सरकारीच. खूप लागलं मनाला. पण मला घाटातलं ते वळण आठवत होतं. आणि ज्या गावांतनं आपण जाणार त्यांचा काय दोष, वारीच्या वाटेवरची गावं आपल्याला दरवर्षी पाणी पाजतात, जेवू घालतात, त्यांच्या दारात आजार घेऊन जायचं? आम्ही गावातच रोज पहाटे आपापल्या अंगणात, लांब लांब, हरिपाठ केला, 18 दिवस. जो संपली म्हणाला होता तो 2022 ला माझ्याच शेजारी चालला. आम्ही त्या विषयावर अजून बोललेलो नाही, गरजही नाही पडली.

तर तुमच्या जुन्या मंडळींशी भांडू नका. त्यांची श्रद्धा हे दिंडीचं भांडवल आहे, 25 वर्षं पावसाचिखलातनं ते चाललेत, ते तुमच्या यादीनं झालेलं नाही. त्यांच्यातलाच ज्याचा आवाज चांगला आहे, ज्याला चाली येतात, त्याच्याकडं विणा द्या, हरिपाठ, भजन, क्रम हे सगळं त्याच्या शब्दानं चालू द्या आणि तिथं तुम्ही तोंड उघडू नका. तुम्ही टाळ घेऊन शेवटच्या रांगेत चाला. शेवटच्या रांगेत म्हणतोय ते मुद्दाम, कारण जो मागं पडतो, ज्याची चप्पल तुटते, ज्याला चक्कर येते तो तिथंच असतो, पुढं पताकेपाशी काही कळत नाही.

काकांना मात्र निघायच्या आधी वही घेऊन भेटा. कुणाला काय होतं, कोण कुणाशी बोलत नाही, कुठल्या मुक्कामाला कोणता शेतकरी जागा देतो आणि त्याच्या शेताचं मागच्या वेळी काही नुकसान झालं होतं का, हे सगळं त्यांच्या डोक्यात आहे आणि लिहिलेलं कुठंच नसणार. आजारी माणूस आहे, एकदम दमवू नका, रोज अर्धा तास बसा. आणि पहिलं पान त्यांच्या हातानं लिहून घ्या, म्हणजे दिंडीत ती वही काढली की ती तुमची नाही, काकांची वही होईल. दोनशे पानी घ्या, वरनं प्लास्टिकची पिशवी घाला, पाऊस कुठल्या मुक्कामाला गाठेल सांगता येत नाही.